आधी बेल्ट बघ

लालबाग-परळच्या पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं एकच वाक्य घेऊन येतात, "बॅटरी बसली." मग ती गाडी टॅक्सी असो, भाजीचा टेम्पो असो, मंडळाचा ट्रक असो, नाहीतर एखाद्या जिमखान्याचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर असो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "नवीनच टाकू का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "थांबा जरा" असं असतं. त्यामुळे बॅटरीच्या दुकानदारांशी माझं फारसं सूत जमलेलं नाही.

चार्जिंग म्हणजे काही मोठी विद्या नाही. इंजिन फिरतं, ते बेल्टने डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतं, त्यातून निघालेला करंट बॅटरीत जातो आणि मधला रेग्युलेटर व्होल्टेज आवरून धरतो. इंजिन सोडलं तर वस्तू चारच, पण त्यांना जोडणारे नट, लग, पिना आणि अर्थच्या पट्ट्या कितीतरी. बिघाड बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीत निघतो आणि पैसे मात्र पहिल्या यादीवर खर्च होतात.

१. मीटर लावल्याशिवाय तोंड उघडू नका

साधा डिजिटल मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळतो. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे थोडी उतरलेली. १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून थोडी रेस द्या. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिरावला तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर वरून काही येतच नाहीये. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर सुटलाय, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकणार. शेवटी हेडलाइट लावून पुन्हा बघा. रेस दिलेली असताना आकडा साडेतेराच्या खाली घसरता कामा नये.

मीटरची टोकं शिशाच्या खांबांवरच टेकवा, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नको. खांब आणि क्लॅम्प यांच्या मध्येच घाण असेल तर क्लॅम्पवरचा आकडा तुम्हाला सरळ फसवतो.

बॅटरी खरोखर कधी बदलायची? रात्रभर चार्जरवर लावूनही ती साडेदहा व्होल्टच्या आसपासच बसून राहिली तर एक सेल मेलाय. किंवा हायड्रोमीटरने सहाही सेल तपासले, पाच १.२५० च्या पुढे आणि एकच १.१५० वर लटकतोय, तर तो सेल काही परत उठत नाही. अशा वेळी खुशाल बदला. एरवी नव्या बॅटरीचा एवढाच उपयोग, की तोच बिघाड आठवड्याभराने परत भेटायला येतो.

२. आधी बेल्ट बघ

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या उस्तादांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बॉनेट उघडल्यावर हात आपोआप बेल्टवर जातो. अंगठ्याने मधोमध दाबला तर सेंटिमीटरभर आत जायला हवा. जास्त गेला तर ढिला. कमी गेला तर इतका ताणलेला की बेअरिंगचा जीव जाणार. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर तो कितीही आवळा, घसरणारच. पावसाच्या पहिल्या सरीला दादर टी.टी.च्या सिग्नलवर गाड्या किंचाळतात ना, तो हाच चकचकीत बेल्ट.

जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत याच बेल्टवर पंखा आणि पाण्याचा पंपही फिरायचा. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि त्याच वेळी टेंपरेचरचा काटा चढू लागला, तर ते वायरिंगचं काम नाही. बेल्ट तुटलाय. जिथे असाल तिथे कडेला घ्या. "घरापर्यंत जाऊ हळूहळू" म्हणणाऱ्यांनी हेड गॅस्केटचे पैसे मोजलेले मी पाहिलेत.

३. मुंबईत गाडी चालत नाही, सरकते

पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तेव्हा हळवे लेख लिहिले. मला मात्र तिचा डायनॅमो आठवला. गिरणी संपानंतर आमच्या चाळीतल्या ज्यांनी टॅक्सी धरली, त्यांचं त्या डायनॅमोशी रोजचं भांडण असायचं.

डायनॅमोची खोड अशी की इंजिन स्लोवर असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. अशा वेळी कटआउट उघडतो, नाहीतर बॅटरीतलाच करंट उलटा डायनॅमोत शिरेल. त्यामुळे गाडी उभी असेल तोवर दिवे, पंखा, हॉर्न सगळं बॅटरीच्या जिवावर. संध्याकाळी व्हीटीहून दादरला सरकत येणाऱ्या टॅक्सीचा हिशोब मांडा. दोन हेडलाइट, मागचे दिवे, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा, ब्रेकवर सतत पाय. खर्च चालू आणि जमा बंद. जुने ड्रायव्हर सिग्नलला हेडलाइट बंद करायचे त्यामागे हे कारण होतं. नव्या पिढीला तो निव्वळ चिक्कूपणा वाटायचा.

अल्टरनेटर आल्यावर हे दुखणं बरंच कमी झालं. त्यात फिरतं चुंबक आणि स्थिर वेटोळी अशी उलटी मांडणी असते, आतल्या डायोडमधून एसीचा डीसी होतो आणि स्लोवरही थोडाफार करंट मिळतो. थोडाफारच पण! कोणीतरी उत्साहाने शंभर वॅटचे हेडलाइट बसवतो. दोन दिव्यांचे दोनशे वॅट म्हणजे बारा व्होल्टवर सोळा अँपियरपेक्षा जास्त झाले. वर मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, मोबाइलचे चार्जर. असा माणूस परळ ते लोअर परळ रोज जाऊन-येऊन "माझी बॅटरी टिकत नाही" म्हणतो, तेव्हा मी त्याला गाडीचा नाही, त्याच्या दिवसाचा हिशोब विचारतो. सकाळी पंधरा मिनिटं आलेल्या पाण्यावर चाळीतलं पिंप भरायचं आणि दिवसभर नळ उघडा ठेवायचा, असं कसं चालेल? रविवारी एकदा सलग तासभर, सी लिंक ओलांडून वांद्र्यापर्यंत तरी, गाडी चालवा. काही गाड्यांना माझ्याकडून एवढंच औषध मिळतं.

४. लाल दिव्याला काळी टेप लावू नका

चावी फिरवली की चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या. चालू गाडीत दिवा जळत राहिला तर लोक घाबरून येतात. पण चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर कोणी येत नाही, उलट बरं वाटतं. खरा धोका तिथेच आहे.

बऱ्याच अल्टरनेटरमध्ये त्या छोट्याशा बल्बमधून जाणारा करंटच रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर झोपेतून उठतच नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच उठतो. गेल्या काही वर्षांत त्यात नवी भर पडली आहे. डॅशबोर्ड झगमगीत करायला सगळे बल्ब काढून एलईडी बसवतात, त्यात हाही जातो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही आणि चार्जिंग रुसतं. अल्टरनेटर खोलून कार्बन बदलून झाले, रेग्युलेटर बदलून झाला, आणि शेवटी दोन वॅटच्या पिवळ्या बल्बने काम झालं, अशा गाड्या दुसऱ्यांकडून फिरून माझ्याकडे येतात.

५. अर्थ, म्हणजे निम्मी वायर

प्लसची वायर सगळे बघतात. मायनसची वायर म्हणजे गाडीचं सगळं लोखंड, म्हणून तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. गिरगाव चौपाटी, वरळी सी फेस, हाजी अली या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या अर्थच्या पट्ट्या खाऱ्या हवेने आतून पोखरतात. बाहेरून विणीची पट्टी शाबूत दिसते, पण लगजवळ वाकवली की हिरवी भुकटी गळते.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या मायनस खांबावर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थ खराब. तसंच अल्टरनेटरच्या जाड वायरच्या टोकापासून प्लस खांबापर्यंत बघा, तिथे ०.३ च्या आत हवं. हे दोन आकडे घेतल्याशिवाय अल्टरनेटर उतरवणारा मिस्त्री तुमच्या पैशाने शिकतोय, असं समजा.

अर्थचाच एक किस्सा. मरीन ड्राइव्हला जिमखान्यांची जी ओळ आहे, तिथल्या एका मैदानावर गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर होता. एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सीटखाली बॅटरी. बॅटरी एकदा बदलून झाली होती, नंतर कोणीतरी स्टेटरही मागवायला सांगितला होता. माळीबुवा रोज सकाळी दोरीने सुरू करता येईल का ते विचारायचे.

या ट्रॅक्टरला बेल्टवरचा अल्टरनेटर नसतो. फ्लायव्हीलच्या आत चुंबकं बसवलेली असतात, त्याखाली तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेटर. त्यातून एसीच्या दोन वायरी निघतात आणि एका चपट्या, पंख्यांसारख्या धारा असलेल्या डबीत शिरतात. ती रेक्टिफायर-रेग्युलेटर. डबीच्या मधल्या पिनेतून डीसी निघतो आणि बॅटरीकडे जातो. आपल्या बुलेटवाल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल.

मी आधी डबीचा प्लग काढला, इंजिन पूर्ण रेसवर नेलं आणि एसीच्या दोन पिनांमध्ये मीटर लावला. पंधरा अँपियरच्या अशा स्टेटरमधून पूर्ण वेगात, म्हणजे मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या सुमारास, २८ व्होल्टच्या वर एसी यायला हवा. आला, आणि चांगला ठणठणीत आला. म्हणजे स्टेटरला दोष नाही. इंजिन बंद करून त्या पिनांपासून इंजिनच्या अंगापर्यंत कंटिन्युइटी पाहिली, ती नव्हती. म्हणजे वेटोळं कुठे अंगाला टेकलेलंही नाही. बॅटरीकडच्या वायरचा फ्यूज शाबूत. राहिली डबी. डबीला अर्थची वेगळी वायर नसते, तिचं अंग हीच अर्थ, आणि ती ज्या दोन बोल्टांनी पत्र्यावर बसते तेच तिचं कनेक्शन. पावसाळ्यापूर्वी कोणीतरी मायेने ट्रॅक्टरला हिरवा ऑइलपेंट फासला होता, बोल्टांसकट. पेंट बोल्टाच्या आट्यांत उतरला होता, वॉशरखाली साचला होता. डबी उतरवली, पत्रा आणि डबीचा तळ पॉलिश पेपरने लखलखीत घासला, बोल्टांचे आटे साफ केले, दात असलेले वॉशर टाकले, आवळलं, वरून थोडं व्हॅसलीन फासलं. बॅटरीवर १३.९. खर्च एका पॉलिश पेपरचा.

आणि माळीबुवांना सांगितलं की पेट्रोल वाचवायला अर्ध्या रेसवर गवत कापू नका. पातंही नीट कापत नाही आणि चार्जिंगही अर्धवट होतं.

६. २४ व्होल्टच्या ट्रकमधून १२ व्होल्ट चोरू नका

हे फक्त गणपतीच्या दिवसांतलं दुखणं आहे, पण लालबागमध्ये राहून ते टाळता येत नाही. मिरवणुकीच्या मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस करतात. मंडळाच्या पोरांकडचे फोकस आणि अॅम्प्लिफायर बाराचे. मग कोणीतरी हुशार पोरगा दोनातल्या एकाच बॅटरीच्या टोकांवर क्लिपा लावतो. दिवे लागतात, टाळ्या पडतात.

पुढे काय होतं बघा. चार हॅलोजन ५५ वॅटचे धरले तर अठरा अँपियर त्या एकट्या बॅटरीतून जातात. ट्रक भारतमाता सिनेमापासून भायखळ्याकडे पावलापावलाने निघालेला, इंजिन स्लोवर, म्हणजे अल्टरनेटर आपल्या ताकदीच्या निम्मंही देत नाही. जे देतो ते दोन्ही बॅटऱ्यांतून सारखंच वाहतं. रिकामी होणारी बॅटरी कमी व्होल्टवर बसते, त्यामुळे रेग्युलेटरने ठरवलेल्या २८ मधला उरलेला सगळा भार भरलेल्या बॅटरीवर पडतो. तिच्यावर पंधराच्या वर व्होल्ट चढतात आणि ती उकळू लागते. एक उपाशी मरते, दुसरी अजीर्णाने. मोठ्या गणपतींच्या मिरवणुका लालबागहून गिरगाव चौपाटीला पोचायला वीस तासांच्या वर घेतात. एवढ्या वेळात दोन्ही बॅटऱ्यांची वाट लागते आणि ट्रक नेमका नागपाड्याला, मागे लाखभर माणूस असताना, बंद पडतो. धक्का मारायला माणसं कमी पडत नाहीत, एवढाच दिलासा.

उपाय दोन. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर पूर्ण चोवीस व्होल्टवर बसवा, त्याने दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार येतो. नाहीतर सरळ वेगळा जनरेटर घ्या. आता बहुतेक मंडळं जनरेटरच घेतात. लहान गल्लीतली मंडळं मात्र अजून क्लिपा घेऊनच येतात, तेव्हा मी चतुर्दशीच्या आदल्या दिवशी चौकशीला स्वतःच एक फेरी मारतो.

७. चालू गाडीची बॅटरी काढू नका

डायनॅमोच्या काळात ही सर्रास चालणारी परीक्षा होती. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी चालत राहिली तर डायनॅमो पास. अल्टरनेटरवर हा प्रयोग केला तर बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात, नव्या गाड्यांत कॉम्प्युटरही जातो. तरी आजही कोणी ना कोणी दहाचा पाना घेऊन पुढे सरसावतोच.

डायोड गेलाय की नाही ते मीटरच सांगतो. चालू गाडीत बॅटरीवर मीटर एसीवर ठेवून लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड गेला. दुसरी खूण हाताने कळते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी चालू करण्याआधी हात लावा. तो गार हवा. कोमट लागला तर डायोडमधून बॅटरी रात्रभर त्यालाच गरम करत बसली होती.

८. हिंदमाता

पावसाबद्दल फार सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कित्येक आठवडे आमच्याकडे फक्त बुडालेल्या गाड्या होत्या. आता महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात, हिंदमाता चौकात साचणारं पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं. पण सखल जागा ती सखलच.

पाण्यातून निघालेल्या गाडीचा अल्टरनेटर त्या दिवशी बहुधा चालतो. दगा देतो दोन-तीन आठवड्यांनी. गटाराच्या पाण्यातला चिखल कार्बनच्या खोबणीत सुकतो, कार्बन अडकून बसतात, स्लिप रिंगला पोचत नाहीत. दिवा मधूनच लागतो, मधूनच विझतो. म्हणून पाणी बंपरच्या वर आलं असेल तर दिवा लागायची वाट न बघता अल्टरनेटर उतरवून साफ करून घ्या आणि हाताने फिरवून बेअरिंग खरखरतंय का ऐका.

९. उंदीर

परळच्या गोदामांजवळ गाडी लावत असाल तर वायरचं कातडं कुरतडलेलं आहे का ते आधी बघा, मीटर नंतर. भाजीचे टेम्पो विशेष.

१०. रिबिल्ट घ्यायचा असेल तर

खरोखर अल्टरनेटरच गेला असेल तर ऑपेरा हाउसच्या मोटर पार्ट्सच्या दुकानांत नवा मिळतो, कुर्ल्याच्या भंगारात जुना मिळतो, आणि दोन्हीकडे रिबिल्ट मिळतो. रिबिल्ट वाईट नसतो. पण त्यात काय बदललंय ते विचारा. बऱ्याचदा बाहेरून वायर ब्रश मारून चांदीचा रंग दिलेला असतो, आतले कार्बन जुनेच. जुना माल सोबत घेऊन जा. पुली एकेरी का दुहेरी, माउंटिंगचे कान कुठे, मागचा प्लग दोन पिनांचा का तीन, हे दुकानात समोरासमोर ठेवून जुळवा. फोनवरचा फोटो चालत नाही.

आणि बेंचवर लोड टाकून दाखवायला सांगा. नुसता फिरवून व्होल्ट दाखवतील, तेवढ्यावर पैसे देऊ नका. चौदा व्होल्ट रिकाम्या हाताने कोणीही दाखवतो. हेडलाइटचे दोन बल्ब लावल्यावर किती राहतात ते बघायचं असतं. दुकानदार म्हणेल, बेंचवाला जेवायला गेलाय. मग म्हणायचं, हरकत नाही शेठ, थांबतो.